मालकांचं परराष्ट्र धोरण

घर भाड्याने बघायला गेलो तेव्हा मालकांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा: "मास्तर, बोलिव्हियाबद्दल तुमचं काय मत हाय?"

मी मास्तर नाही. भिवंडीतल्या एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे, आणि अध्यापनाशी माझा संबंध खडूची खोकी उतरवून घेण्यापुरता. पण कॉलेजच्या गेटातून पगारासाठी आत जाणारा प्रत्येक माणूस मालकांच्या लेखी मास्तर होता, आणि घर हवं असताना घरमालकाची चूक सुधारण्याइतका मी तत्त्वनिष्ठ कधीच नव्हतो. बोलिव्हियाबद्दल मला मत नव्हतं. आधी पाहिलेल्या घरांच्या मालकांनी 'भिंतीत खिळे मारता का' आणि 'पाहुणे फार येतात का' एवढंच विचारलं होतं. त्या तयारीवर मी म्हणालो, "चांगला देश आहे."

"चांगला कसा? समुद्र न्हाय त्याला!" मालक खुर्चीतून अर्धे उठले. "चारी बाजूनं दुसऱ्याची जमीन. बाहेर निघायचं तर शेजाऱ्याला इचारून. मानसं मासली काय खात असतील?"

"नदीतली खात असतील," माझी बायको मागून म्हणाली. तिला मत असतं. कुठल्याही देशाबद्दल असतं.

मालकांनी तिच्याकडे दयेने पाहिलं. "वैनी, नदीतली मासली ही मासली न्हाय. ती पान्यात पडलेली भाजी हाय."

घर मात्र मिळालं.

काल्हेरला खाडीच्या अंगाला त्यांची तीन मजली इमारत होती. तळमजल्यावर ते स्वतः, वर आम्ही भाडेकरू. माणूस मूळचा तिथलाच. वडील भात लावत आणि खाडीत जाळं टाकत. मुलांनी भाताच्या जागी गोडाऊन बांधली. आता त्या शेतात अख्ख्या देशाच्या चपला, शाम्पू आणि टीव्ही येऊन पडतात आणि पुन्हा ट्रकमधून निघून जातात. शेताला पाणी नको, खत नको, मालकांना काम नको. अशी रिकामी झालेली माणसं आमच्याकडे एकतर राजकारणात जातात, नाहीतर शर्यतीचे बैल पाळतात. मालकांनी जग चालवायला घेतलं.

त्याचं असं झालं, की त्यांच्या मुलाला अभ्यासासाठी म्हणून एक कॉम्प्युटर घेऊन दिला होता. मुलगा शिकला, पुण्याला नोकरीला गेला, आणि जाताना त्याने काय अभ्यास केला होता ते मागे सोडून गेला. तो एक गेम होता. तेव्हाच जुना, आता तर वृद्ध. जगातला कुठलाही देश घ्यायचा आणि चालवायचा: कर, धान्य, वीज, दवाखाने, फौज, शेजाऱ्यांशी करार, सगळं. मुलाने फोनवर कसं चालू करायचं ते सांगितलं. कसं बंद करायचं ते सांगायचं राहिलं असावं.

पुढच्या खोलीत, देवांच्या तसबिरींखाली, प्लॅस्टिकचा फुलाफुलांचा टेबलक्लॉथ अंथरलेल्या टेबलावर तो कॉम्प्युटर होता. समोर मालक: अंगात बनियन, गळ्यात जाडजूड सोन्याची चेन, चष्मा नाकाच्या टोकावर. युद्ध चालू असलं की चेन बनियनच्या आत जायची. तह झाला की बाहेर. वहिनी, म्हणजे मालकांच्या सौभाग्यवती, चहा आणताना आधी चेन बघायच्या आणि मगच बोलायचं की नाही ते ठरवायच्या.

मोठा देश त्यांनी कधी घेतला नाही. "मोठ्या देशानं खेलन्यात काय हाय? त्यो काय, बसल्या जागी खातो." त्यांना लागायचे समुद्र नसलेले देश. नेपाळ, लाओस, चाड, पॅराग्वे. खाडीच्या माणसाला ही गोष्ट सहनच होत नसे. एकेका बिचाऱ्या देशाला हाताशी धरून, त्याची शेती सुधारून, रस्ते बांधून, शेवटी शेजाऱ्याशी गोड बोलून किंवा त्याच्या मुस्काटात मारून, ते त्याला समुद्रापर्यंत नेऊन सोडत. ज्या दिवशी एखादा देश किनाऱ्याला लागे त्या दिवशी इमारतीत घरोघर कोलंबी वाटली जाई. आमच्या घरी मासळी चालत नाही असं कळल्यावर आम्हाला नारळ येऊ लागला. मी मात्र नारळ वर पोचवून पुन्हा खाली येत असे आणि लाओसच्या आनंदात मनापासून सहभागी होत असे. बायकोला वाटे, मला आंतरराष्ट्रीय राजकारणाची गोडी लागली आहे.

आता, गेम म्हणून तो कसा होता हे मी प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे, कारण मालकांसमोर कुणाची हिंमत नव्हती. त्यात सगळं होतं. दुधाचा भाव ठरवता येई, शाळेवर किती खर्च करायचा ते ठरवता येई, वीज कोळशाची की पाण्याची तेही. कुठल्या देशात काय पिकतं, कुणाला काय कमी पडतं, याचा असा बारीक हिशेब दुसऱ्या कुठल्या गेममध्ये नाही असं मालक सांगत. आणि त्यांनी दुसरा कुठला पाहिलेला नसल्यामुळे ते मान्य करावं लागे. पण नकाशा शिळा होता. जे देश मध्यंतरी फुटून दोन झाले ते त्यात अजून गुण्यागोविंदाने एक होते. आरोग्यमंत्री आणि गृहमंत्री यांना एकच फोटो होता. अर्थमंत्री काहीही विचारलं तरी 'खर्च कमी करा' म्हणे, आणि संरक्षणमंत्री 'फौज वाढवा'. ही मात्र उणीव आहे की खरेपणा, ते मला सांगता येणार नाही. युद्ध चालू असताना गेम सेव्ह केला की तो बंद पडे. म्हणजे लढाई सुरू केली की एका बैठकीत संपवायची, नाहीतर वीज गेली की सगळे मेलेले सैनिक जिवंत. आमच्याकडची वीज लक्षात घेता जगात शांतता नांदत होती ती त्यामुळेच.

सगळ्यात मोठी मेख कॉम्प्युटरच्या देशांची. त्यांना उपकार ठाऊक नसत. वर्षानुवर्षं गहू पाठवा, दवाखाने बांधून द्या. तुमची फौज सीमेवरून जरा हलली की ते घुसलेच. आणि कुठलाही करार हवा तर भाव वाढवत न्यायचा. आपण प्रस्ताव ठेवला की पलीकडच्याच्या नावापुढे एक पट्टी दिसे. लाल असली तर नकार. थोडा गहू टाका, थोडं तेल टाका, पट्टी पिवळी होई. अजून टाका, हिरवी. जगात असं कुणी नव्हतं की ज्याची पट्टी पुरेशा गव्हाने हिरवी होत नव्हती. शिवाय जो आधी तह मागे त्याची स्वतःच्या जनतेतली पसंती धाडकन खाली येई. मालकांनी यातून आयुष्याचं सार काढलं होतं: "मास्तर, समोरचा काय बोलतो ते बघायचं न्हाय. त्याची फौज कुठं उभी हाय ते बघायचं. आनि आपन आधी मागायचं न्हाय."

हे सार त्यांनी इमारतीला लावलं. चुकीच्या जागी स्कूटर लावली की त्या घराला 'निर्बंध', म्हणजे वरच्या टाकीचा कॉक उशिरा उघडणार. महिन्यातून एकदा ते जिन्यात उभे राहून विचारत, "वैनी, आमच्या राज्यात जनतेची पसंती किती?"

"पाणी आलं की सांगते," बायको म्हणायची.

मला त्यांनी खेळायला शिकवलं. नेपाळ दिला. "सोपा हाय," म्हणाले. दुपारच्या आत माझ्या देशात मीठ संपलं, लोक रस्त्यावर आले आणि माझं सरकार पडलं. मी वर येऊन बायकोला सांगितलं, की मीठ आयात करायचं राहून गेलं. ती म्हणाली, "घरातलंही संपलंय. तेही तुम्हीच आणणार होतात."

एकदा भिवंडीहून कॉम्प्युटर दुरुस्तीवाला आला होता. त्याने मशीन उघडून आतली धूळ पाहिली आणि हात जोडले. "शेठ, मशीन भी बुड्ढी, गेम भी बुड्ढा. नया डलवा लो. ग्राफिक देखोगे तो पागल हो जाओगे."

"मेरे को पागल नहीं होने का," मालक म्हणाले, "मेरे को बोलिव्हिया चलाने का है."

तरी त्याने नवा एक गेम दाखवलाच, स्वतःच्या लॅपटॉपवर. त्यात सैनिकाच्या मिशीचा केस न् केस दिसत होता. मालकांनी बराच वेळ ती मिशी पाहिली. "दुधाचा भाव कुठं लावायचा?" दुरुस्तीवाला म्हणाला, तसलं काही यात नाही. "मंग राज्य कुठं हाय? ही तर नुसती मारामारी. ती आमच्या नाक्यावर फुकट बघाया भेटते."

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं सांगतोय त्या गोष्टीकडे येतो. मालकांना एक धाकटा भाऊ होता. मालक त्याला 'धाकला' म्हणत; पण ते भांडणाच्या आधी. मी राहायला आलो तेव्हा त्याचा उल्लेख 'शेजारी राष्ट्र' असा होत होता.

वडिलांच्या जमिनीच्या वाटण्या झाल्या तेव्हा रस्त्याकडची बाजू आणि खाडीलगतची एक पट्टी थोरल्याला गेली, मधली धाकट्याला. दोघांनी गोडाऊन बांधली. धाकट्याकडे येणारे ट्रक थोरल्याच्या जागेतून वळून मागे जात. त्याला कुणाची हरकत नव्हती, वडिलांनीच तसं सांगितलं होतं. एक दिवस धाकट्याकडचा एक कंटेनर मागे घेताना थोरल्याच्या गेटचा खांब पडला. खांबावर वडिलांचं नाव कोरलेलं होतं. थोरला म्हणाला, माफी माग. धाकटा म्हणाला, ड्रायव्हरची चूक, आणि नाव माझ्याही बापाचं होतं. एवढंच. मग मालकांनी वळणावर सिमेंट भरलेले लाल-पांढरे ड्रम मांडले. पुढची सहा वर्षं ट्रकला मागच्या कच्च्या वाटेने, खाडीच्या चिखलातून जावं लागलं. जगातल्या समुद्र नसलेल्या प्रत्येक देशाला किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्या माणसाने सख्ख्या भावाला चारी बाजूंनी कोंडून ठेवलं होतं, आणि ही गोष्ट त्यांच्या सोडून सगळ्या काल्हेरच्या लक्षात आली होती. मी भाडेकरू होतो. मला पाणी हवं असायचं. मी गप्प होतो.

मग मालकांच्या मुलीचं, दर्शनाचं, लग्न ठरलं.

त्यांच्या घरात रीत अशी, की लग्नाच्या मांडवाची पहिली मेढ, म्हणजे पहिला खांब, नवरीच्या काकाने रोवायची. काका नसला तर गोष्ट वेगळी. पण काका असून, हाकेच्या अंतरावर राहत असून, तो आला नाही, तर भावकीतलं दुसरं कुणी त्या खांबाला हात लावणार नाही. भावकीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजोबांनी निरोपच धाडला: धाकला उभा राहिला तर आम्ही सगळे उभे राहू, न्हाय तर मांडव तुमचा तुमी घाला. मांडववाल्याला फोन केला तर तो अर्ध्या दिवसात लोखंडी पाइपांचा मांडव घालून देईल, झुंबरासकट. पण भावकीशिवाय उभ्या राहिलेल्या मांडवातून मुलगी पाठवायची म्हणजे काय, हे वहिनींच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्या तांदूळ निवडत बसायच्या आणि निवडलेलेच पुन्हा निवडायच्या.

मालकांनी मला बोलावलं. चेन आत होती.

"मास्तर, तुमी परराष्ट्रमंत्री."

"मी?"

"तुमी भाडोत्री. तुमचा कुनाशी संबंध न्हाय. असाच मानूस लागतो. जावा, सांगा त्याला: लग्नाला या, मांडवाला या. बदल्यात एक ड्रम हलवतो."

"एकच?"

"पैल्या प्रस्तावात सगलं द्यायचं नसतं."

मी गेलो. कॉलेजात प्राचार्यांच्या सहीसाठी बाहेर बाकावर बसण्याचा मला दांडगा अनुभव असल्यामुळे दूत म्हणून मी अगदीच वाईट नव्हतो. धाकटे शेठ आपल्या गोडाऊनच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. चेहरा हुबेहूब थोरल्याचा, फक्त केस शाबूत. त्यांनी प्रस्ताव ऐकला आणि मोठ्याने हसले. "एक ड्रम? बसा मास्तर, च्या घ्या." चहा आला, खारी आली. मी खारी बुडवून खाल्ली. देशाची प्रतिष्ठा वगैरे माझ्या डोक्यात आली नाही. निघताना ते एवढंच म्हणाले, "त्याला सांगा, मी हाय इथंच."

परत येऊन मी शब्द न् शब्द सांगितला. मालक विचारात पडले. "इथंच हाय म्हनला? म्हंजे फौज हलवत न्हाय. अजून टाकाय लागंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे ड्रम क्रेन लावून हलवले. रस्ता मोकळा. काल्हेरमध्ये बातमी पसरली. मी खुशीत गेलो, की आता आपल्या कारकिर्दीतला पहिला तह. धाकटे शेठ दारात उभे राहून त्या मोकळ्या वळणाकडे बघत होते. कंटेनर सरळ आत येत होता.  त्यांची बायको पदराला हात पुसत बाहेर आली.

"रस्ता दिला," ती म्हणाली. "मानूस न्हाय दिला."

हे वाक्य मी जसंच्या तसं परत आणलं. मालकांनी ते गेमच्या चष्म्यातून वाचलं. "मानूस म्हंजे? वॉचमन पायजे काय त्यांना?"

"मालक, मला वाटतं त्यांचं म्हणणं असं, की तुम्ही स्वतः..."

"तुमाला वाटतं! नेपालमध्ये मीठ संपवलं तुमी. गप ऱ्हावा." मग ते खुर्चीत मागे टेकले. "पट्टी पिवली झाली हाय. हिरवी झाल्याबिगर ऱ्हात न्हाय. त्याला सांगा, गोडाऊनमागची पट्टी हाय ना जमिनीची, खाडीपातूर? ती पन दिली. लिवून देतो."

त्या दिवशी मला खारी मिळाली नाही. जमिनीचं नाव काढल्याबरोबर धाकटे शेठ खुर्चीतून उठले. आवाज गोडाऊनच्या पत्र्यावरून घुमला. "मना भिकारी समजला काय त्यो? पोरीच्या लग्नाला मी जमीन घेऊन येऊ? उद्या लोक काय बोलतील, काकानं मेढ रोवायची किंमत लावली? न्हाय येत मी. जावा, सांगा त्याला. आनि मास्तर, तुमी पन परत येऊ नका."

मी परत आलो. निरोप सांगितला. शेवटचं वाक्य वगळून सांगणार होतो, पण ते आधी तोंडातून बाहेर पडलं. मालकांचा चेहरा असा झाला, की मला तो विसरता येत नाही. राग नव्हता. एवढा गहू ओतला, एवढं तेल ओतलं आणि पट्टी उलटी लाल झाली. असं त्या गेममध्ये कधी झालंच नव्हतं. मांडव तीन दिवसांवर आला होता. वहिनी आत गेल्या आणि निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला बसल्या.

मालक कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले. त्यांनी बोलिव्हिया उघडला. कित्येक महिने चाललेला हा त्यांचा सगळ्यात लाडका देश. आणि त्या दुपारी त्याची फौज अखेर समुद्राच्या दिशेने निघाली होती. आम्ही मागे उभे: मी, दारात माझी बायको, आणि दर्शना. मुलीने बापाच्या खांद्यावरून स्क्रीनकडे पाहिलं.

"पप्पा."

"थांब. लढाई हाय."

"पप्पा, ह्याच्यात कुणाच्या घरी जायचं बटण कुठं आहे?"

"कुनाच्या घरी?"

"कुणाच्याही. शेजाऱ्याच्या. आपण उठून जायचं आणि बोलवायचं."

मालक तिला झापतील असं मला वाटलं. पण त्यांनी झापलं नाही. त्यांनी खरोखरच शोधायला सुरुवात केली. परराष्ट्र विभाग उघडला. करार पाहिले. व्यापार पाहिला, हेरखातं पाहिलं, मदत पाहिली, इशारे पाहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. लढाई तिकडे चालूच होती. संरक्षणमंत्री फौज मागत होता, कुणी त्याला उत्तर देत नव्हतं.

"न्हाय," ते शेवटी म्हणाले. अगदी हळू. "तसं बटनच न्हाय याच्यात. सगलं दिलं हाय. हे राह्यलं."

आणि ते उठले. सेव्ह करता येत नव्हतं, लढाई थांबवता येत नव्हती. बोलिव्हियाला आहे तसा सोडून ते चपला घालून बाहेर पडले. बनियनवर. मी मागून धावलो, कारण परराष्ट्रमंत्रिपद अजून माझ्याकडेच होतं. मी निरोप घेऊन ये-जा केलेल्या त्या वाटेने, मोकळ्या वळणावरून, दोन गोडाऊनांच्या मधून ते असे ताडताड चालले, की एका ट्रक ड्रायव्हरने घाबरून ब्रेक मारला.

धाकट्या शेठांचं घर गोडाऊनच्या पलीकडेच. दार उघडं होतं. मालक उंबऱ्याशी थांबले. आतून धाकटे शेठ आले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही माझ्याकडे पाहिलं, जणू मीच काहीतरी बोलणार होतो. मी खाकरलो.

"तू गप्प बस रे," असं कुणी म्हणालं नाही, पण तसं वाटलं.

"बनियनवर आलास आमंत्रन द्याला?" धाकटे म्हणाले.

"तुझ्या घरात येयाला शर्ट कवापासून लागाया लागला?"

"सहा वर्सांत नियम बदलले."

"मना कोनी कलवलं न्हाय."

"अक्षता कुठं हाईत?"

मालकांनी स्वतःच्या दोन्ही हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते. आमंत्रण म्हणजे हातात अक्षता ठेवायच्या, लग्नाला या म्हणायचं. आणि सगळ्या जगाशी करार केलेला हा माणूस त्या घरी विसरून आला होता.  मला खरंच भीती वाटली, की आता ते पुन्हा जमीन देऊ करतील.

धाकट्या शेठांची बायको आतून आली. तिच्या मुठीत तांदूळ होते, कुंकू लावून हातानेच कालवलेले, अजून ओलसर. तिने ते दिरांच्या, म्हणजे मालकांच्या तळहातावर ओतले. "घ्या, भावोजी. आमच्याच घरचे हाईत. आता आमालाच द्या."

मालकांनी ते तांदूळ भावाच्या हातात दिले. काय बोलायचं असतं ते त्यांना आठवेना. "दर्शनाचं लगीन हाय," ते म्हणाले. "रविवारी मांडव. ये."

धाकट्यांनी मूठ मिटली. "च्या घेतोस?"

"घेतो. साखर कमी."

"तुना साखर झाली?"

"बापाची हाय. तुना पन होईल."

ते आत गेले. मी उंबऱ्याबाहेर उभा होतो. मला कुणी बोलावलं नाही. राजनैतिक सेवेतून माझी निवृत्ती अशी, बिनचहाची झाली. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही गेला नसतात तरी चाललं असतं." मी म्हणालो, "हो." ती म्हणाली, "मग मीठ आणा."

संध्याकाळी मालक परत आले तेव्हा बोलिव्हियाची राजधानी पडलेली होती आणि स्क्रीनवर तुमचं सरकार संपुष्टात आल्याची सूचना लुकलुकत होती. त्यांनी ती वाचली, कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि वहिनींना विचारलं, मांडवाला किती माणसं जेवतील.

रविवारी सकाळी भावकी आली. सगळी आली. म्हातारे आजोबा खुर्चीसकट उचलून आणले. बायका हळद घेऊन एका बाजूला बसल्या, त्यांच्यात माझी बायकोही. मी तिच्याजवळ, सोयीस्कर अंतरावर. धाकटे शेठ आले ते थेट अंगणातल्या खड्ड्यापाशी. त्यांनी खांबाला हात लावण्याआधी खड्ड्यात वाकून पाहिलं.

"ह्यो खड्डा कुनी खनला?"

"मी," मालक म्हणाले.

"तरीच वाकडा."

"वाकडा तुझा डोला हाय."

"मेढ इथं येत न्हाय. अंगनाच्या मधोमध येते. बापानं तुझ्या लग्नात कुठं रोवली होती ते आठीव."

"माझ्या लग्नात तू किती होतास रं? नाक गलत होतं तुझं!"

"नाक गलत होतं, डोले न्हाय!"

आवाज चढले. धाकट्यांनी पहार उचलली आणि हाताच्या अंतरावर दुसरा खड्डा खणायला घेतला. मालकांनी पहार धरली. "माझ्या पोरीचा मांडव हाय!"

"मंग माझी कोन हाय ती?"

एक पहार, दोन भाऊ, दोघेही घामाघूम, आणि भोवती पन्नासेक माणसं हाताची घडी घालून, मध्ये न पडता, अगदी समाधानाने बघत असलेली. मला राहवेना. इतक्या कष्टांनी झालेला तह डोळ्यांदेखत मोडत होता आणि माजी परराष्ट्रमंत्री म्हणून माझं काही कर्तव्य होतं. मी मध्यस्थी करायला उठलो.

बायकोने शर्टाला धरून मला खाली ओढलं. तिच्या पलीकडे वहिनी बसल्या होत्या. हात हळदीने पिवळे, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि तोंडभर हसू.

"बसा हो खाली," बायको म्हणाली. "छान चाललंय त्यांचं."